बासष्टचा बोअर

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. भोसरी.
खंडेनवमी. उद्या दसरा आणि एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी एकाच दिवशी, म्हणून यंत्रांची पूजा आजच. लेथना झेंडूच्या माळा. मोजणीच्या यंत्राच्या, म्हणजे सीएमएमच्या, ग्रॅनाइटवर हळद-कुंकू पडू दिलं नाही. लेथवरचे मामा म्हणाले, "तुमचं मशीन लई सोवळं."
प्रसाद वाटताना साहेबांनी सांगितलं, १४ तारखेला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. नवा कॉम्प्युटर येणार, त्यावर मोजणीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. दिवाळीच्या डिस्पॅचआधी उरकायचं. आधीच का, असं विचारलं. उत्तराऐवजी पेढा मिळाला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सगळ्या प्रोग्रामचा बॅकअप घेतला. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा नाही, असं आयटीवाल्याला बजावलं. टेबलाखाली ठेवणार.

६ ऑक्टोबर, सोमवार
सर्व्हिस इंजिनिअर आला. पूर्वी डाँगल लावला की काम सुरू. आता लायसन्स नेटवरून घ्यायचं. आमच्या खोलीत नेट नाही. शेवटी त्याच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम झालं. दिवस त्यातच गेला.

७ ऑक्टोबर, मंगळवार
जुने प्रोग्राम उघडतात. मात्र नव्यात एकदा सेव्ह केले की जुन्यात उघडत नाहीत. बॅकअप घेतला ते बरं.
एक्सेलचे मॅक्रो बंद. जुनं ऑफिस ३२ बिट, नवं ६४. डिस्पॅचआधीच्या तपासणीचा (पीडीआय) रिपोर्ट हाताने भरतोय.

८ ऑक्टोबर, बुधवार
प्रोब गोळ्यावर कॅलिब्रेट केला. आकडे चांगले. पहिला प्रोग्राम सावकाश सोडला, बोट स्टॉपवर. तिसऱ्या बोअरनंतर प्रोब वर उचललाच नाही, आडवा निघाला. थांबवला तेव्हा रूबीचा मणी आणि भिंत यांच्यात नखाएवढी जागा. क्लिअरन्स प्लेनची ओळ रूपांतरात गळाली आहे. आता प्रत्येक प्रोग्राम ओळीओळीने वाचायचा.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सुट्टी. डोक्याला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग. बोअर ६२ एच७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. अपग्रेडच्या आधी मोजून बाजूला ठेवलेला जॉब लावला. तेव्हा ६२.००६. आज ६१.९९८, लाल अक्षरात. काढला, पुसला, पुन्हा लावला. ६१.९९८.

११ ऑक्टोबर, शनिवार
साहेब: "परवा पास, आज फेल. बदललं काय?"
संशय तापमानावर. अ‍ॅल्युमिनियम, ६२ मिलिमीटर: अंशामागे साधारण दीड मायक्रॉन. आठ मायक्रॉनला पाच-सहा अंशांचा फरक हवा. खोली २० वर आहे. तरी जॉब रात्रभर ग्रॅनाइटवर ठेवतोय.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी मोजला. तोच आकडा. तापमान सुटलं.
मग सेटिंग रिंग लावली. सर्टिफिकेटवरच्या आकड्याशी जुळली. जुना कॉम्प्युटर टेबलाखालून काढून जोडला. त्यावरही जुळली. म्हणजे मशीन ठीक, प्रोब ठीक. रिंगवर दोघांचं एकमत, जॉबवर भांडण.

१३ ऑक्टोबर, सोमवार
हेल्पलाइन. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. "रिलीज नोट्स पाहा, सर." जाडजूड पीडीएफ. पहिल्याच पानावर बटणांचे नवे रंग.
डिस्पॅचचा दोनदा फोन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
विंडोज १० चा सपोर्ट आज संपला. टेबलाखालचा मजेत चालतोय.

१५ ऑक्टोबर, बुधवार
मामा डायल बोअर गेज घेऊन आले. सगळ्या दिशांनी फिरवलं. काटा ६२.००६ वरून हलेना. "तुमचं नवं खोटं बोलतंय."
मी गो प्लग मागवला, बोअरमध्ये शिरलाच पाहिजे असा गेज. तोंडाशीच अडला. मामांनी तेलाचं बोट फिरवलं, प्लग सरळ धरला, हलकेच वळवला. थोडा आत गेला आणि बसला. काढताना दोघांचे हात लागले.
मामा बराच वेळ चककडे बघत होते. मग म्हणाले, "तीन जबडे."
पातळ भिंत. जबडे आवळले की दबते. दबलेल्या भिंतीत बोअर गोल कापला जातो. जबडे सुटले की भिंत जागेवर येते आणि बोअरला तीन कोन येतात. एका बाजूला फुगवटा, बरोबर समोर खड्डा. आरपार बेरीज सगळीकडे तीच. दोन टोकांच्या गेजला हे दिसायचं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
सुट्टी, तरी आलो. शांततेत सेटिंग्ज उघडली. बोअरचं वर्तुळ कसं बसवायचं, यासाठी जुन्या प्रोग्राममध्ये लीस्ट स्क्वेअर्स: सगळ्या बिंदूंचं सरासरी वर्तुळ. रूपांतरात तिथे 'डिफॉल्ट' आलं. नव्या आवृत्तीचं डिफॉल्ट वेगळं: बोअरमध्ये मावेल ते सर्वांत मोठं वर्तुळ. प्लगसारखं.
लीस्ट स्क्वेअर्स निवडलं: ६२.००६. मावणारं वर्तुळ: ६१.९९८. प्रोब जागचा हलला नाही. बिंदू तेच. गोलाईतली चूक आठ मायक्रॉन.
रिलीज नोट्समध्ये याची ओळ आहे. एकच, शेवटच्या पानांत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
वसुबारस. साहेब म्हणाले, "जुनं सेटिंग लाव, माल सोड." मी प्लग आणि जॉब त्यांच्या हातात दिले. त्यांनीही फिरवून पाहिला. माल थांबला.
ड्रॉइंगवर फक्त ६२ एच७. आयएसओ १४४०५-१ प्रमाणे दुसरी खूण नसेल तर समोरासमोरच्या दोन बिंदूंतलं अंतर हाच आकार. त्या हिशेबाने जॉब पास. आकड्यापुढे गोलात ई असता तर प्लगचा हिशेब लागला असता, जॉब फेल. कागदावर आमची बाजू पक्की आहे. बेअरिंगला स्टँडर्ड वाचता येत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार
धनत्रयोदशी. मामांनी रुंद सॉफ्ट जॉ बसवून बोअर करून घेतले, चकचा दाब उतरवला. नवा जॉब: सरासरीने ६२.००८, मावणारं वर्तुळ ६२.००५. गोलाईतली चूक तीनवर आली. गो प्लग आपल्या वजनाने उतरला. मामांनी तंबाखूची पुडी काढली, एसीकडे बघून परत खिशात ठेवली.

१९ ऑक्टोबर, रविवार
एक जॉब अचानक बारा मायक्रॉनने लहान. पुसून पुन्हा मोजला, ठीक. चिपचा बारीक कण. सरासरी वर्तुळ असा कण पचवतं, मावणारं वर्तुळ त्याच्यावरच बसतं. नवं तेवढं खरं, असंही नाही.
रात्री टेम्पो निघाला.

२७ ऑक्टोबर, सोमवार
दिवाळीनंतर सगळे प्रोग्राम पुन्हा उघडले. 'डिफॉल्ट' दिसेल तिथे पद्धतीचं नाव लिहितोय. मोजणीची खात्री करणारी जीआरअँडआर चाचणी नव्याने: दहा जॉब, तिघे ऑपरेटर, प्रत्येकी तीन वेळा.
कस्टमरला मेल: बोअर कोणत्या पद्धतीने मोजायचा, लेखी कळवा.
हेल्पलाइनचा मेल आला. तक्रार सोडवली, असं समजून बंद केली आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
जीआरअँडआर दहा टक्क्यांच्या आत. कस्टमरचं उत्तर आलं: दोन्ही आकडे द्या. रिपोर्टमध्ये 'पद्धत' हा रकाना वाढवला.
पुढच्या अपग्रेडसाठी फाइलमध्ये एक सूचना लावली: तपासणीला नुसती सेटिंग रिंग चालणार नाही. गोल रिंगवर सगळ्याच आवृत्त्या एकमताने बोलतात. आधी मोजलेला एक वाकडा जॉब सोबत लागेल. तो वरच्या कप्प्यात आहे, लाल टॅगचा. भंगारात टाकू नये.