वैनगंगेतली बेटं

‘कयाक? आणि भंडाऱ्यात?’ ऑफिसात सगळ्यांनी यथेच्छ हसून घेतलं. कयाक म्हटली की गोवा, फार तर तारकर्ली. पण नागपूरकरांनो, समुद्र आपल्यापासून अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर आहे आणि वैनगंगा दीड-दोन तासांवर! मित्राची हवा भरायची टू-सीटर कयाक डिकीत टाकली आणि डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटेच निघालो.

आंभोऱ्याला वैनगंगेत कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी येऊन मिळतात. एका काठाला नागपूर जिल्हा, दुसऱ्याला भंडारा. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी ११८८ साली ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला, असं इथले लोक छातीठोक सांगतात. अंबाजोगाईकर तितक्याच छातीठोकपणे तो आपल्याकडे ओढतात. आम्ही त्या वादात न पडता चहा-पोहे संपवले आणि भंडाऱ्याच्या काठावरून कयाक पाण्यात ढकलली.

शेजारी एक काका डोंग्यात जाळं आवरत बसले होते. आमचा पायपंप बघून म्हणाले, ‘डोंगा पाण्यावर चालते जी, हवेवर नाही.’

पहिला तास म्हणजे निव्वळ सुख. समोर २०२४ मध्ये सुरू झालेला तारांचा झुलता पूल, पाण्यात उभी वाळकी झाडं, त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. आणि मधूनच डोकं वर काढलेली छोटी छोटी बेटं! आमच्यातला कोलंबस जागा झाला. एका बेटावर चौथऱ्यासारखे दगड दिसले, तसं वल्हं तिकडे वळवलं.

‘तिकडं नोका जाऊ!’ मागून काकांची हाक. ‘धुऱ्यावरची बाभूळ हाये खाली. तुमची हवा काढन ते!’

वाकून पाहिलं. गढूळ पाणी, बाकी काहीच नाही. बाभूळ यांना दिसली कशी?

‘दिसाले कायले पाहिजे? आता तुम्ही माया बांदीतून चालले जी.’

बांदी म्हणजे धानाचं शेत. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं धरण आहे. पायाभरणी १९८८ ची, राजीव गांधींच्या हस्ते, ३३ दरवाजे. पाणी अडलं, मागे फुगत गेलं आणि काठावरची कित्येक गावं उठली. आम्ही ज्यांना बेटं म्हणत होतो, ते त्यांच्या गावाचे उंचवटे होते. दगडांचा तो चौथरा मारुतीचा. मूर्ती गावकऱ्यांनी नव्या वस्तीत नेली, चौथरा कोण नेणार?

पुढे डोंगा आणि मागे आमची रंगीत कयाक, असे आम्ही त्या गावातून फिरलो. डावीकडे विहीर, म्हणून उजवीकडून. इथे शाळा. हा पांदणरस्ता, इथे बिनधास्त वल्हवा. हातात जीपीएस असलेले आम्ही दोघं निमूट मागे. मोबदला मिळाला, नवीन घर झालं, पोरगा नागपूरला कामाला आहे, हे सगळं त्यांनी फार तक्रार न करता सांगितलं. पूल झाल्यापासून पैलतीराला जाणारं गिऱ्हाईक मात्र बंद, आता फक्त मासोळी. ‘पूल चांगला आहे,’ असंही लगेच म्हणाले. ‘दवाखान्यात जाले बरा.’

(जाणार असाल तर लाइफ जॅकेट हवंच, आणि सोबत असा माणूस. पाण्याखालची झाडं कुठल्याच नकाशात नाहीत.)

दुपारी वारा सुटला तसे काठाला लागलो. पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. कयाककडे बोट करून विचारलं, ‘एक चक्कर मारू काय?’

एकटेच बसले. दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं पाच मिनिटांत हाताला बसलं. सरळ आत गेले, बाभळीला वळसा घालून एका जागी थांबले आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मित्राने फोटोसाठी मोबाइल वर केला, मग खाली घेतला. चांगली दहा मिनिटं कयाक तिथेच हलत होती.

परत आल्यावर म्हणाले, ‘हलकी आहे. माया अंगणापर्यंत गेली.’