एका भाकरीपुरतं

गेल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. वडील पहाटेच कामावर जाणारे, बहीण लहान. परात माझ्यापुढे आली. अर्थशास्त्राच्या तासाला श्रमविभागणी शिकलो होतो. ती अशी घरी येईल असे वाटले नव्हते.

पहिल्या दिवशी सगळे एकदम काढले. एका शेगडीवर आमटी, दुसरीवर तवा, आणि ओट्यावर मोबाईलमध्ये उद्याच्या परीक्षेची टिपणे. चार भाकऱ्यांचे पीठ एकदमच मळून ठेवले. पहिली कशीबशी झाली, दुसरी उचलताना तुटली, तिसरीचा नकाशा झाला. तोवर आमटी तळाला लागली. मी उलथने आपटले. दाराशी पाटावर बसलेली आई म्हणाली, "पिठावर कशाला राग काढतोस? एका भाकरीपुरतंच मळ की."

ज्वारीच्या पिठात गव्हाचा चिवटपणा नसतो. आधणाचे पाणी आणि तळहाताची रगड यांनी जो चिकटपणा येतो तेवढाच. मळून ठेवले की तोही जातो. पीठ जुने असेल तर विरी गेलेली, मग विचारूच नका. आमच्या सोलापूरकडची मालदांडीसुद्धा घाई चालवून घेत नाही. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचे आणि ते पुरते वाळायच्या आत उलटायची. नजर हलली की भाकरी फुगलीच नाही म्हणून समजा.

मी मोबाईल फडताळात ठेवू लागलो. आधी नाइलाजाने, पुढे त्या थापण्याच्या आवाजाचीच सवय झाली. डोक्यातला परीक्षेचा कालवा तेवढा वेळ थांबे.

एकदा आईला विचारले, "तू रोज इतक्या शांतपणे कशा करायचीस गं?"

"हात पिठात असले की मला कुणी उठवत नव्हतं. तेवढाच वेळ माझा."

मी गप्प झालो. 'आई, माझा सदरा कुठंय?' ही हाक मी बहुधा त्याच वेळी मारीत असे.

प्लॅस्टर निघाले त्या संध्याकाळी तिने परात स्वतःकडे ओढली. अर्धी भाकरी थापून झाली आणि हात थांबला. काही न बोलता तिने परात माझ्याकडे सरकवली.

हाताला अजून पूर्वीची ताकद नाही. आता मी थापतो, ती डाव्या हाताने पाणी फिरवते. बाहेरून बहीण भूक लागली म्हणून हाका मारते. आम्ही दोघेही ओ देत नाही.