संशयाचा फायदा

एसटी स्टँडवर पूर्वी पाकीटमारांचे फोटो लावलेला एक बोर्ड असायचा. 'यांच्यापासून सावध राहा.' सुरुवातीची कित्येक वर्षं अँटिव्हायरस याच बोर्डासारखा चालला. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून देशोदेशी पोचला. तेव्हापासून पद्धत ठरून गेली. नवा व्हायरस सापडला की कुणीतरी तो उघडून बघायचा, त्याच्या कोडमधला ओळखू येईल असा तुकडा शोधायचा आणि यादीत टाकायचा. या तुकड्याला सिग्नेचर म्हणतात. पुण्यात कैलाश काटकरांचा दुरुस्तीचा व्यवसाय होता, धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. तेव्हाही मुख्य काम हेच होतं: रोज बोर्डावर नवे फोटो लावायचे.

बोर्डाची अडचण उघड आहे. फोटो लागायच्या आधी कुणाचं तरी पाकीट गेलेलं असतं. आणि चोराने मिशी काढली की फोटोचा उपयोग संपला. जर्मनीतल्या 'एव्ही-टेस्ट' या संस्थेकडे आता दररोज साडेचार लाखांहून जास्त नव्या घातक किंवा नकोशा प्रोग्रॅमची नोंद होते. त्यातले बरेचसे जुनेच, फक्त मिशी काढलेले. इतके फोटो माणसं बसवून लावता येत नाहीत. म्हणून अँटिव्हायरसमध्ये मशीन लर्निंग आलं.

त्याची रीत वेगळी आहे. मॉडेलला लाखो चांगल्या आणि लाखो वाईट फाइल दाखवतात. फाइलच्या आत कोणते शब्द आहेत, ती सिस्टिमकडे कोणती कामं मागते, तिचा किती भाग आवळून बांधलेला आहे, तिच्यावर कुणाची डिजिटल सही आहे का, अशा शेकडो खुणांवरून मॉडेल वाईटपणाचा अंदाज बांधायला शिकतं. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' नसतं, एक आकडा असतो. कितीच्या पुढे चोर म्हणायचं, ती रेघ माणसं ओढतात. रेघ खाली ओढली तर निरपराध अडकतात, वर नेली तर चोर सुटतात. दोन्ही एकदम साधत नाही.

या रेघेच्या पलीकडे मी एकदा सापडले. आमच्या तालुक्यात एक साप्ताहिक निघायचं, ते आता बंद पडलंय. त्याचे जुने अंक संपादक काकांकडे सीडीवर होते, पण जुन्या फाँटमध्ये. आजच्या कॉम्प्युटरवर उघडले की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला, त्याची एक्सई फाइल करून काकांना पाठवली. तासाभरात फोन. "अगं, तू पाठवलंस त्यात व्हायरस आहे म्हणतोय. माझ्या सीडी तर नाही ना गेल्या?"

व्हायरस नव्हता. पण मॉडेलच्या जागी बसून पाहिलं तर माझी फाइल संशयास्पदच होती. पायथनची एक्सई करणारं जे साधन मी वापरलं, तेच व्हायरस लिहिणारेही सर्रास वापरतात. डिजिटल सही नव्हती, कारण तिच्या सर्टिफिकेटला दरवर्षी हजारो रुपये लागतात. ही फाइल जगात दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. आणि चालू केल्यावर ती करायची काय? एका फोल्डरमधल्या शेकडो फाइल ओळीने उघडायची आणि नव्याने लिहून ठेवायची. रॅन्समवेअर दिसायला असंच दिसतं.

मी कंपनीचा इंग्रजी फॉर्म भरला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: फाइल निर्दोष. मग मी आणखी एका फाँटची सोय केली. बदललेली फाइल म्हणजे पुन्हा नवी, पुन्हा अनोळखी, पुन्हा लाल चौकट. आता काका म्हणाले, "राहू दे गं. पुतण्या म्हणतो कुणाचं काही उघडू नका." काका मला लहानपणापासून ओळखतात. ती ओळख त्या लाल चौकटीपुढे टिकली नाही, याचं मला जास्त लागलं. शेवटी सुट्टीत माझा लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी बसले आणि सगळे अंक तिथेच करून दिले.

आणि खरे चोर? त्यांना ओळखीचं दिसायचं कसं, हे पक्कं माहीत असतं. २०१९ मध्ये 'स्कायलाइट' या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या संशोधकांनी एआयवर चालणाऱ्या 'सायलन्स' या अँटिव्हायरसची परीक्षा घेतली. एका लोकप्रिय गेमच्या फाइलमधला मजकूर उचलून त्यांनी तो घातक प्रोग्रॅमच्या शेवटी चिकटवला. प्रोग्रॅमचं काम तेच राहिलं. पण मॉडेलचा त्या गेमवर इतका विश्वास होता, की त्याने बहुतेक फाइल सोडून दिल्या. चोराने ओळखीच्या घरातला शर्ट घातला आणि वॉचमनने सलाम ठोकला.

आपल्या फोनवरही तेच चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर वाहतूक चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके येते, बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. ती टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर निघून जातो. गूगलच्या प्ले प्रोटेक्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये अनोळखी अ‍ॅपचा कोड टाकतानाच तपासायची सोय आणली, तिची सुरुवात भारतापासून झाली. पुढच्या वर्षी ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं अ‍ॅप एसएमएस वा अ‍ॅक्सेसिबिलिटीसारखी परवानगी मागत असेल, तर ते थेट अडवण्याचा प्रयोगही इथे सुरू झाला. तो हवाच होता. पाच मिनिटांत खातं रिकामं होत असताना फॉर्म भरत बसायला वेळ नसतो.

म्हणून अँटिव्हायरस काढून टाका, असं मी म्हणणार नाही. काकांच्या कॉम्प्युटरवर तो असायलाच हवा. माझी तक्रार त्याच्या भाषेबद्दल आहे. 'व्हायरस सापडला' आणि 'ही फाइल आम्ही आधी पाहिलेली नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिला आरोप आहे, दुसरी माहिती. मॉडेलजवळ अंदाजाचा आकडा असतो, पण काकांपर्यंत पोचतो तो निकाल. जे थोडे लोक वापरतात ते संशयास्पद, हा हिशेब धरला तर छोट्या गावातल्या, छोट्या कामाच्या, मराठीतल्या जुन्या फाँटसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर संशय कायमच राहणार. त्याला लाखो वापरणारे कधी मिळणारच नाहीत.

तोवर एक करता येतं. लाल चौकट आली की तिच्यातलं नाव वाचा. नावात 'जेनेरिक', 'ह्युरिस्टिक' किंवा 'एमएल' असं काही असेल, तर बहुधा तो अंदाज असतो, ओळख पटलेली नसते. तरीही फाइल लगेच उघडू नका. पाठवणाऱ्याला फोन करा आणि विचारा, की ही तूच पाठवलीस का, आणि ती नेमकं काय करते. चलानवाल्याकडे याचं उत्तर नसतं. माझ्याकडे होतं, आणि काकांनी फोन केला म्हणून ते सांगता तरी आलं.