पंचवीस की बावन्न?

तुमच्या घरी पहिली-दुसरीत शिकणारे लहान भावंड आहे का? मग ही हकिकत तुमच्यासाठीच आहे.

माझा भाचा नेरूळला राहतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याचा अभ्यास घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी म्हटले, "पंचवीस लिही." त्याने ५२ लिहिले. मी खोडायला लावले. पुन्हा ५२! तिसऱ्या वेळी मी ओरडलो. त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मला गणित येतच नाही," असे म्हणून तो गॅलरीत जाऊन बसला. सात वर्षांच्या मुलाने असे ठरवून टाकावे, याचे मला फार वाईट वाटले.

रात्री मी तो शब्द मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. 'पंचवीस'मध्ये आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. पोराने ऐकले तसे लिहिले होते! तुमच्या उर्दूतले 'पच्चीस', 'छब्बीस' म्हणून पाहा. तेथेही तसेच आहे. शिवाय तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता आणि अंक डावीकडून. लहान मुलाची पेन्सिल किती वेळा वळणार? आणि एकोणतीस! नाव तिसाचे, आकडा २९.

२०१९ साली महाराष्ट्रात यावरूनच मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचनही दिले होते. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की, जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात. अनेकांना ही भाषेची मोडतोड वाटली. मलाही जुनी नावे प्रिय आहेत; बाजारात 'वीस पाच रुपये' कोणी म्हणत नाही. पण शिकण्याच्या पहिल्या दिवसांत असा आधार घेतला, तर काय बिघडते?

सकाळी मी नव्या खराट्याच्या काड्यांचे सारखे तुकडे केले. (आई रागावलीच!) दहा-दहा तुकड्यांच्या जुड्या रबराने बांधल्या.

"वीस पाच काड्या दे," मी म्हटले. भाच्याने दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या पुढे केल्या.

"आधी जुड्या लिही. आता सुट्या."

कागदावर २५ उमटले.

"यालाच पंचवीस म्हणतात."

"मग नाव उलटे का, मामा?"

मला उत्तर देता आले नाही.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो. नवी मुंबईत आकड्यांना तोटा नाही. बहुतेक वस्त्यांना सेक्टरचा क्रमांक असतो. एका पाटीपाशी भाचा थांबला आणि मोठ्याने ओरडला, "मामा, दोन जुड्या, तीन सुट्या!"

येणारी-जाणारी माणसे वळून पाहू लागली.