आमा-लांचा फोन

लेहजवळ चोगलमसरला तिबेटी निर्वासितांची मोठी वस्ती आहे. तिथं चहा विकणाऱ्या आजींना सगळे 'आमा-ला', म्हणजे आई, म्हणायचे, मीही. १९५९ नंतर आईच्या पाठीवरून त्या इकडे आल्या, थोरली बहीण तिबेटातच राहिली. पुन्हा भेट नाही. पण वुईचॅटवर बहिणीचा आवाज यायचा. लिहिता न येणाऱ्यांना बोलून पाठवलेला निरोप पुरतो. चिनी पहारा ऐकत असणार, म्हणून दलाई लामांचं नाव नाही. याक, बर्फ, गुडघे, एवढंच.

गलवाननंतर दोनच आठवड्यांनी, २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲप्स बंद केली. वुईचॅटही गेलं. चीनमध्ये व्हॉट्सॲप आधीपासूनच बंद. निर्णय मला पटला होता, आजही पटतो.

ऑक्टोबरात चौकीवरून खाली आलो तेव्हा आमा-लांनी फोन पुढे केला. "साहेब, हे उघडत नाही. बहीण गुडघ्याचं औषध सांगणार होती."

मी फोन उलटसुलट केला. "नेटवर्क नाही," म्हणालो. चक्क खोटं.

त्यांनी मान डोलावली. चहाचे पैसे काही घेतले नाहीत.