नेझबीचे शिवार

आज तुम्हाला एका परक्या शिवारात घेऊन जायचे आहे. लंडनहून आगगाडीने मार्केट हारबरो या बाजाराच्या गावी उतरायचे आणि तिथून दहा-बारा किलोमीटर मोटारीने जायचे. गावाचे नाव नेझबी. इंग्लंडच्या नकाशावर मधोमध बोट ठेवलेत तर ते याच गावाच्या आसपास पडेल. नॉर्दॅम्पटनशायर जिल्ह्यातले हे लहानसे खेडे आहे. उंच मनोऱ्याचे दगडी चर्च, काही घरे, आणि चहूकडे शेतीच शेती.

गाव उंचवट्यावर वसले आहे. इथला पाऊस दोन बाजूंना वाहून जातो. एव्हन नदी या गावातच उगम पावते आणि पश्चिमेच्या समुद्राची वाट धरते. गावच्या दुसऱ्या अंगाचे पाणी नेन नदीला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. पाणलोटाची अशी रेघ तुमच्याही गावाजवळच्या एखाद्या डोंगरावर असेल.

गावातून उत्तरेकडे निघा. वाटेत ए-१४ नावाचा मोठा महामार्ग ओलांडावा लागतो. रणभूमीच्या इतक्या जवळून रस्ता नेऊ नये म्हणून इतिहासप्रेमींनी बरीच खटपट केली होती, पण १९९४ साली रस्ता खुला झालाच. तो मागे टाकला की समोर दोन लांबट टेकाडे दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक उथळ, रुंद खोलगट भाग. त्याला ब्रॉड मूर म्हणतात. गहू, मोहरीच्या जातीचे पिवळे पीक, कुरणात चरणाऱ्या मेंढ्या. तुम्ही म्हणाल, यात पाहण्यासारखे काय? तर याच खोलगट भागात १४ जून १६४५ रोजी इंग्लंडचा राजा आणि इंग्लंडचे पार्लमेंट यांच्या फौजा एकमेकींना भिडल्या. अवघ्या तीन तासांत राजाचे नशीब फिरले.

राजा आणि पार्लमेंट हातघाईवर का आले, ते आधी पाहू. भांडण धर्माचे होते, हक्काचे होते आणि पैशाचेही होते. पहिला चार्ल्स १६२५ साली गादीवर आला. आपल्याला सत्ता देवाने दिली आहे, तेव्हा जाब द्यायचा तो देवालाच, असे त्याचे मत. १६२९ पासून ११ वर्षे त्याने पार्लमेंट भरवलेच नाही. मग खर्चाला पैसा कुठला? जहाजांच्या नावाने एक जुना कर होता. लढाईचे भय असले की तो समुद्रकाठच्या गावांकडून घेत. चार्ल्सने तो १६३५ पासून समुद्र कधी न पाहिलेल्या आतल्या जिल्ह्यांवरही बसवला. जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने आपल्या वाट्याचे २० शिलिंग द्यायला नकार दिला. रक्कम क्षुल्लक, पण खटला गाजला. १२ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी राजाच्या बाजूने निकाल दिला आणि ५ विरुद्ध गेले. लोकांनी ते ५ ध्यानात ठेवले.

पुढे स्कॉटलंडशी धर्मावरून युद्ध ओढवले, तिजोरी रिकामी झाली आणि १६४० साली राजाला पार्लमेंट बोलवावेच लागले. ४ जानेवारी १६४२ रोजी तो हत्यारबंद शिपाई घेऊन सभागृहात शिरला. पाच सभासदांना पकडायचे होते, पण ते आधीच निसटले होते. त्याच वर्षी २२ ऑगस्टला त्याने नॉटिंगहॅम येथे निशाण उभारले आणि यादवीला तोंड लागले. गावागावांत, घराघरांत दोन तट पडले. बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, असेही झाले.

पहिली मोठी लढाई २३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिल येथे झाली. राजाच्या घोडदळाचा सरदार होता त्याचा भाचा प्रिन्स रूपर्ट. तरुण, शूर आणि वाऱ्यासारखा. त्याने समोरचे घोडदळ उधळून लावले, पण त्याचे स्वार पळणाऱ्यांच्या मागे जे गेले ते पार्लमेंटच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत. ते परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. मागे राजाचे पायदळ एकटे पडले आणि हाती आलेली लढाई अनिर्णीत राहिली. हे लक्षात ठेवा. नेझबीला याच गोष्टीने घात केला.

आता पार्लमेंटची बाजू. त्यांच्याकडे ऑलिव्हर क्रॉमवेल नावाचा एक सभासद होता. १६३० नंतरची काही वर्षे त्याने सेंट आइव्हज या गावी खंडाने जमीन घेऊन गुरे पाळली होती. चाळिशी उलटेपर्यंत त्याने रणांगण पाहिले नव्हते. पण माणसाची आणि जनावराची पारख त्याला होती. त्याने आपल्या घोडदळात धर्माची चाड असलेले खातेपिते शेतकरी घेतले आणि त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली. हल्ला झाला की थांबायचे, पुन्हा रांग धरायची, हुकमाची वाट पाहायची. लूट नाही, पाठलाग नाही. २ जुलै १६४४ रोजी यॉर्कजवळ मार्स्टन मूर येथे या शिस्तीचा पहिला मोठा प्रत्यय आला. राजाची उत्तरेकडची सत्ता तिथे मोडली.

तरीही युद्ध संपेना. प्रत्येक जिल्ह्याची फौज आपल्या हद्दीपलीकडे जायला कुरकुर करी आणि पगार थकत. म्हणून १६४५ च्या सुरुवातीला पार्लमेंटने २२ हजारांची एकच नवी फौज उभारायचे ठरवले. पायदळाच्या १२ पलटणी, घोडदळाच्या ११, आणि घोड्यावरून जाऊन पायउतार होऊन लढणाऱ्या बंदूकवाल्यांची एक, त्यांना ड्रॅगून म्हणत. अंगात लाल डगले. पायदळाच्या शिपायाला रोज ८ पेन्स, म्हणजे तिथल्या शेतमजुराच्या रोजाच्या आसपास. स्वाराला २ शिलिंग, त्यातच घोड्याचा दाणावैरण. यासाठी पार्लमेंटच्या ताब्यातल्या जिल्ह्यांवर महिन्याला सुमारे ५३ हजार पौंडांची पट्टी बसली. सेनापती नेमला ३३ वर्षांचा सर टॉमस फेअरफॅक्स. पगार वेळेवर मिळाला तर शिपाई लुटत नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

आता पुन्हा टेकाडावर या. १३ जूनच्या संध्याकाळी राजाचे काही शिपाई नेझबी गावात जेवायला बसले असता पार्लमेंटच्या स्वारांनी त्यांना गाठले, तेव्हा शत्रू दारात आल्याचे राजाला कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या टेकाडावर राजाची फौज उभी राहिली, सुमारे ९ ते १० हजार. दक्षिणेच्या टेकाडावर फेअरफॅक्सचे सुमारे १४ हजार. त्या वेळी नेझबीचे शिवार बहुतेक उघडे होते. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या, काही भाग पडीक, काही सामायिक कुरण. मध्ये कुंपणे नव्हती. कुंपण होते ते फक्त पश्चिमेला, सल्बी या शेजारच्या गावाच्या शिवेवर. ती दाट काटेरी झुडपांची वई होती. क्रॉमवेलने कर्नल ओकीच्या ड्रॅगूनांना त्या वईआड बसवले.

दहाच्या सुमारास रूपर्ट निघाला. वईआडून बाजूने गोळ्या येत असतानाही त्याने पार्लमेंटची डावी फळी फोडली. तिचा सरदार आयर्टन जखमी होऊन कैद झाला. मधे राजाचे पायदळ, त्यात वेल्समधले बरेच, चढ चढून आले आणि बंदुकांचे दस्ते फिरवत त्यांनी पार्लमेंटची पुढची रांग मागे रेटली. तिथला सरदार स्किपन गोळी लागूनही जागचा हलला नाही. त्या घटकेला राजा जिंकतो आहे असेच कोणालाही वाटले असते.

पण रूपर्ट कुठे होता? तो पुन्हा मागे, नेझबी गावाजवळ, सामानाच्या गाड्यांपाशी. पहारेकऱ्यांनी शरण यायला नकार दिला, आणि तिथे त्याचा मोलाचा वेळ गेला.

उजव्या बाजूला क्रॉमवेलची जमीन वाईट होती. सशांची बिळे आणि काटेरी झुडपे, घोड्याचा पाय अडकायचा. तरी त्याने समोरच्या लँगडेलच्या स्वारांना मागे सारले. मग त्याने थोडे स्वार पाठलागावर ठेवले आणि उरलेल्यांना लगाम खेचून वळवले, ते सरळ राजाच्या पायदळाच्या कुशीत. दुसऱ्या बाजूने ओकीचे ड्रॅगूनही घोड्यांवर बसून धावले. पायदळ कोंडीत सापडले. राजा राखीव स्वार घेऊन स्वतः पुढे व्हायला निघाला, तेव्हा कार्नवाथ नावाच्या सरदाराने जिवाच्या भीतीने त्याच्या घोड्याचा लगाम धरून तोंड फिरवले. स्वारांना वाटले, माघारीचा हुकूम झाला, आणि सगळेच मागे फिरले. रूपर्ट परतला तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

औत धरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बैल पळवणे सोपे असते, पळत्या बैलाला तासाच्या टोकाला थांबवून वळवणे कठीण. रूपर्टचे स्वार शौर्यात कमी नव्हते. त्यांना थांबता आले नाही, एवढेच.

राजाची सुमारे हजार माणसे पडली आणि साडेचार-पाच हजार कैद झाली. तोफा, दारूगोळा आणि राजाचा खासगी पत्रांचा पेटारा शत्रूच्या हाती लागला. परदेशी फौजा आणण्याची खटपट त्या पत्रांत उघड झाली. पार्लमेंटने ती छापून लोकांपुढे ठेवली.

आणि एक गोष्ट विजयाच्या वर्णनात झाकली जाते, ती इथे उभे राहून सांगितलीच पाहिजे. राजाच्या फौजेबरोबर शिपायांच्या बायका आणि स्वयंपाक-धुणे करणाऱ्या स्त्रिया होत्या. पळापळीत त्या मागे सापडल्या. शिस्तीची म्हणून नावाजलेल्या याच फौजेने त्यांतल्या शंभरावर बायकांना मारले आणि आणखी कितीकींचे चेहरे विद्रूप केले. त्यांची भाषा परकी वाटली म्हणून त्यांना आयरिश समजले गेले. बहुधा त्या वेल्समधल्या होत्या. लुटीवर लगाम होता, द्वेषावर नव्हता.

शेतकऱ्याचे काय झाले? दोन्ही फौजा त्याच्याच घरी फुकट मुक्काम करीत, त्याचेच घोडे नेत, त्याचेच धान्य खात. १६४५ साली दक्षिण आणि पश्चिमेच्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी काठ्या-कोयते घेऊन स्वतःची पथके उभारली. त्यांना काठीवाले म्हणत. आमच्या गुराढोरांना हात लावाल तर आम्हीही लढू, असे त्यांनी निशाणावरच लिहिले होते. ऑगस्टमध्ये हॅम्बल्डन टेकडीवर क्रॉमवेलने त्यांना उधळले, तीनशेएक जणांना रात्रभर चर्चमध्ये कोंडले आणि समज देऊन घरी पाठवले. त्यानंतर १६४६ पासून पाठोपाठ वाईट सुगीची वर्षे आली. सुमारे ५० लाख वस्तीच्या त्या देशात लढाया आणि रोगराई मिळून दीड-दोन लाख माणसे गेली, असा अंदाज आहे.

पुढे १६४६ साली राजा स्वाधीन झाला. पार्लमेंटला आता फौज नकोशी झाली, पण पायदळाचा १८ आठवड्यांचा आणि घोडदळाचा ४३ आठवड्यांचा पगार थकला होता. शिपाई चिडले. ६ डिसेंबर १६४८ रोजी फौजेनेच नको असलेले सभासद पार्लमेंटच्या दारातून परत फिरवले. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. १६५३ साली क्रॉमवेलने उरलेले पार्लमेंटही शिपायांकरवी बाहेर काढले. ज्या राजाने शिपाई घेऊन सभागृहात पाऊल टाकले म्हणून युद्ध पेटले, त्याचेच पाऊल पुन्हा पडले.

१६६० साली राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला. याचे नाव आपल्याशी जोडलेले आहे. पोर्तुगालच्या राजकन्येशी त्याचे लग्न ठरले, तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई त्याला आंदण मिळाली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे १६८९ साली इंग्लंडने कायदाच केला. पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाने कर घ्यायचा नाही आणि शांततेच्या काळात फौजही ठेवायची नाही. तिजोरी आणि तलवार या दोन्हींवर लोकांच्या सभेचा लगाम हवा, हे शिकायला त्यांना जवळजवळ पन्नास वर्षे लागली. कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेतही लिहिले आहे.

जाता जाता एक गंमत. नेझबीला १८२३ साली लढाईचा दगडी खांब उभारला, पण तो उभारला भलत्याच जागी, रणभूमीपासून बराच दूर. दुसरे स्मारक १९३६ साली झाले, ते रणभूमीवर आहे. लढाई नेमकी कुठवर पसरली होती, हे मात्र अलीकडे शेतांत धातुशोधक यंत्राने सापडलेल्या शिशाच्या गोळ्यांनी दाखवून दिले. वाटसरूंसाठी आता चौथरे बांधून माहितीचे फलक लावले आहेत.

कधी तिकडे जाण्याचा योग आला, किंवा तुमचा कोणी मुलगा-भाचा शिकायला तिकडे असला, तर सल्बीच्या त्या वईपाशी जाऊन यायला सांगा. शिवेवरची ती वई आजही आहे. पलीकडे मेंढ्या चरताना दिसतील.