वाळलात की हो!

दक्षिणेकडील लोक आरंभशूर असतात, असा एक जुना शेरा आहे. पन्नाशी उलटल्यावर वजन उतरविण्याच्या उद्योगास लागलेला मनुष्य मात्र कोणत्याही दिशेचा असो, आरंभी तो शूर असतोच. नवे बूट येतात, साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो, डॉक्टरांचा कागद ताजा असतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत काटाही मोठ्या औदार्याने खाली उतरतो. या आरंभाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते बहुतेक खरे आहे. आमची जिज्ञासा निराळ्या जागी आहे. पाचव्या महिन्यात बूट मळलेले असतात, कागद खणात गेलेला असतो, आणि काटा कित्येक आठवडे एकाच आकड्यावर ठाण मांडून बसलेला असतो. त्या वेळी पहाटे साडेपाचला पांघरूण बाजूस सारण्याचे कारण मनुष्याने आणावे तरी कोठून?

आम्हास हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आमचे वय छप्पन्न, उंची साडेपाच फुटांहून किंचित अधिक. आणि गतवर्षी आषाढात आमचे वजन ८६ किलो भरले. तीन महिन्यांच्या रक्तशर्करेची सरासरी दर्शविणारा जो आकडा ६.५ वर गेला म्हणजे त्यास मधुमेह म्हणतात, तो आमच्या बाबतीत ६.२ निघाला. आमच्या तीर्थरूपांस हा रोग पन्नासाव्या वर्षी जडला होता, आणि त्यांच्या अखेरच्या चार वर्षांत त्याने त्यांच्या उजव्या पायाची तीन बोटे नेली. जखमेवरील पट्टी रोज सकाळी बदलण्याचे काम आमच्याकडे असे. तेव्हा डॉक्टरांना आम्हास भिवविण्याचे फारसे श्रम पडले नाहीत, हे सांगणे नलगे. परंतु भीती ही वस्तू विलक्षण लवकर शिळी होते. श्रावणात ती आमच्यासंगे रोज टेकडी चढत असे. दिवाळीच्या सुमारास ती घरीच थांबू लागली. मार्गशीर्षात आमचे वजन ७९ वर आले आणि तेथेच थबकले.

काटा का थबकतो, याची मीमांसा आता बरीच स्पष्ट झालेली आहे, आणि ती माहीत असणे हा आमच्या मते मोठाच दिलासा आहे. देह हा हिशेबी कारभारी आहे. सात किलोंचे ओझे उतरले की त्याचा रोजचा शिधा आपोआप कमी लागतो. शिवाय, दुष्काळ आला असे समजून तो आणखी हात आखडता घेतो, तो निराळाच. अमेरिकेत दूरदर्शनवर वजन उतरविण्याच्या शर्यती लावल्या जात. अशा एका शर्यतीतील चौदा जणांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली, तिचा वृत्तान्त २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी बहुतेकांचे वजन पुष्कळ अंशी परत आले होते. पण विश्रांतीच्या वेळचा त्यांचा उष्मांकांचा खर्च मात्र, त्यांच्या आकारमानास व वयास जेवढा असावयास हवा, त्याहून रोजी सुमारे पाचशेंनी कमीच राहिला होता. आमचे प्रकरण एवढे अघोरी नाही. पण दिशा तीच. ज्या आहाराने सात किलो उतरले, तोच आहार आता ते सात किलो परत येऊ न देण्याच्या कामी खर्ची पडतो. काटा हलत नाही याचा अर्थ काम चालू नाही असा होत नाही. परंतु चालू असलेले काम दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामावर मन लागत नाही, ही खरी अडचण.

आमच्या प्राध्यापक-कक्षात यावर एक सर्वमान्य समाधान होते, ते असे की, चाळिशीनंतर आतली भट्टीच मंदावते. तेथे मनुष्याचा काय इलाज! दुर्दैवाने २०२१ साली हाही आधार गेला. आठ दिवसांच्या अर्भकापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सहा हजारांवर माणसांच्या मोजणीतून असे निष्पन्न झाले की, देहाचे आकारमान जमेस धरले तर विसाव्या वर्षापासून साठाव्यापर्यंत ही भट्टी जवळजवळ सारखीच जळते. उरल्या त्या आमच्या खुर्च्या, उद्वाहक आणि चारच्या चहाबरोबर येणारी खारी. हा निष्कर्ष आम्ही कक्षात वाचून दाखविला, तेव्हा तो कोणालाही आवडला नाही.

असो. देहाची ही कंजुषी एक वेळ सोसवते. समाजाची दाद नाहीशी होते, ते सोसणे अधिक कठीण, आणि येथे आमची मायबोलीच आमच्याविरुद्ध उभी राहते. इंग्रजीत 'तुमचे वजन उतरले' असे कोणी म्हणाले तर तो गौरव समजून मनुष्य आभार मानतो. मराठीत याच गोष्टीस 'वाळलात की हो!' असे म्हणतात, आणि पाठोपाठ 'बरे नव्हते का?' हा प्रश्न येतो. मनुष्य मराठीत वाळतो, सुकतो, खंगतो, रोडावतो, उतरतो. यांतील प्रत्येक क्रियापद रोगशय्येजवळून उचललेले आहे. उलटपक्षी 'तब्येत सुधारली' याचा घरगुती अर्थ अंगावर मांस चढले, एवढाच होतो. खाल्लेले अंगी लागावे, मूल बाळसे धरावे, जावई खात्यापित्या घरचा दिसावा, ही आमची सनातन मनीषा. सडपातळ, काटक, शेलाटा हे शब्द आहेत खरे. परंतु ते जन्मतः तसे असणाऱ्यांसाठी. स्थूल मनुष्य प्रयत्नाने तसा झाला, तर त्याच्या पराक्रमास शोभेल असे एकही क्रियापद आम्हास आमच्या भाषेत सापडलेले नाही, आणि शब्दांचा धंदा करीत आम्ही तीस वर्षे घालविली आहेत.

तेव्हा सात किलोंचा मोबदला आम्हास काय मिळाला? एका सहकाऱ्याने जिन्याच्या वळणावर गाठून हलक्या आवाजात 'सगळ्या तपासण्या करून घेतल्यात ना?' असे विचारले. शेजारच्या वहिनींनी आमच्या सौभाग्यवतींकडे करुणेने पाहिले. शिंप्याकडे विजारी कमरेत आवळावयास दिल्या, तेव्हा तो सद्गृहस्थ म्हणाला, "कापड कापत नाही साहेब, आत दुमडून ठेवतो. पुन्हा सोडायला बरं." एवढा दूरदर्शी मनुष्य आम्ही दुसरा पाहिला नाही.

होळीच्या सुमारास आम्ही मावशीकडे गेलो. ती माण तालुक्यात दहिवडीजवळ राहते, वय चौऱ्याऐंशी. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे, कामावर मिळणारी सुकडी मुलांच्या ओंजळीत घातली आहे, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या आहेत. तिच्या आग्रहास आतिथ्याची रीत समजणारे लोक तिला ओळखत नाहीत. पानात वाढलेले नाकारणे तिला कळतच नाही. उपाशी मुले तिने पाहिलेली आहेत. तूप घातलेल्या दोन पोळ्या तिने आमच्या पानात टाकल्या. आम्ही एक उचलून बाजूस ठेवली. तिने हात थांबविला, आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "तुझे वडील शेवटी असेच वाळले होते रे."

यावर काय उत्तर द्यावे? ज्या रोगापासून पळावयाचे म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच रोग्याचा चेहरा तिला आमच्या तोंडावर दिसत होता. तिला ६.२ चा अर्थ सांगून उपयोग नव्हता. किलोचे आकडे तर तिच्या मते धान्यासाठी असतात. पोळी संपवून आम्ही पाटावरून उठलो. मागील वर्षी याच ठिकाणी उठताना आम्हास एक हात जमिनीला आणि दुसरा भाच्याच्या खांद्याला द्यावा लागला होता. या खेपेस कोठेच हात न टेकता उठलो. मावशीने ते पाहिले. "पुन्हा बस," ती म्हणाली. आम्ही मांडी घालून बसलो व पुन्हा उठलो. "गुडघा वाजत नाही?" "नाही." "मग वाळ बापडा," असे म्हणून तिने बाजूची पोळी आपल्या पानात घेतली.

आमच्या मते या विषयावरील सर्व ग्रंथांहून मावशीची ती कसोटी अधिक पक्की होती. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा प्रेतसंस्काराचे सामान पुरविणारा एक प्रतिष्ठित व्यावसायिक होता. साखर, पाव, बटाटे वर्ज्य करून त्याने आपले वजन उतरविले, आणि १८६३ साली त्याविषयी एक छोटे पत्रक स्वखर्चाने छापले. ते एवढे गाजले की त्याच्या नावाचे इंग्रजीत क्रियापदच बनले. (इंग्रजीस ही क्रियापदे किती सहज होतात पाहा!) वजन ४६ पौंडांनी घटले ही त्याची कीर्ती, परंतु पत्रक वाचताना मन रेंगाळते ते निराळ्याच तपशिलावर. या मनुष्यास वाकून बुटाचा बंद बांधता येत नव्हता, आणि जिना उतरताना त्यास उलटे, पाठमोरे उतरावे लागत होते. आहार बदलल्यावर तो चारचौघांसारखा तोंड पुढे करून जिना उतरू लागला. पासष्टी ओलांडलेल्या त्या गृहस्थाने लाज, आरसा आणि थट्टा यांविषयीही लिहिले आहे, नाही असे नाही. पण त्यास नेटाने चालविले ते या जिन्याने, असे आमचे मत आहे.

काट्याचा साक्षीदार म्हणून किती भरवसा धरावा, याविषयी आमच्या पुण्यातूनच एक उत्तम धडा मिळालेला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याच्या रूढ मापाने दोघांचाही अंक २२.३, म्हणजे अगदी तंतोतंत एक. पण शरीरातील चरबीचे प्रमाण पाहता साहेबांचे ९.१ टक्के आणि आमच्या डॉक्टरांचे २१.२ टक्के! हिंदी मनुष्य सडपातळ दिसूनही आतून स्थूल असू शकतो, ही गोष्ट त्यांनी आपल्याच देहाच्या दाखल्याने जगापुढे मांडली. याच्या उलट बाजूचा दाखला चेन्नईचा आहे. तेथील डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. नियमित चालणे व बेताचा आहार एवढ्यावर ज्यांना ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. आणि गंमत अशी की, त्यांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक पडलेलाच नव्हता. काटा मुका होता, आत काम चालले होते. हा निबंध आम्ही दोनदा वाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून काट्यावर चढण्याचा रोजचा परिपाठ सोडून तो महिन्याच्या पहिल्या रविवारावर नेला. वहीत आता किलोंऐवजी इतर गोष्टी येतात: तिसऱ्या मजल्यावरील वर्गात पोहोचल्यावर हजेरी घेण्यापूर्वी थांबावे लागले की नाही, रात्री उशिरा जेवण झाले काय, पोटाचा घेर किती.

आहाराच्या पंथांविषयी आमच्याकडून काही अपेक्षा करू नये. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांपासून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे असे सांगितले. ऋजुता दिवेकरांनी थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खाण्याचा पुरस्कार केला. आणि २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात या दोन पक्षांत जो वाद रंगला, त्यापुढे आमच्या तरुणपणचे साहित्यसंमेलनी वाद फिके पडावेत. आमच्या इष्टमित्रांपैकी दोन्ही पंथांचे लोक बारीक झाले, आणि दोन्ही पंथांचे लोक पुन्हा पूर्ववत झाले. आता आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची औषधे आली आहेत. ती भूक खरोखरच मंदावतात. ज्यांना डॉक्टर ती देतात त्यांनी संकोच न करता घ्यावीत. परंतु औषध थांबविलेल्यांचे उतरलेले वजन वर्षभरात बहुतांशी परत आल्याचे दिसून आले आहे. म्हणजे सुईच्या मागेही पुन्हा तोच पाचवा महिना उभा आहे.

आमच्या पाचव्या महिन्याचा निकाल लावला तो एसटीतून निवृत्त झालेल्या एका वाहकाने. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागच्या हनुमान टेकडीच्या पायथ्याशी हे गृहस्थ पावणेसहाला येतात. त्यांना कोणताही रोग नाही, वजनाची चिंता नाही; चौतीस वर्षे चालत्या गाडीत उभे राहून काढल्यामुळे त्यांना घरी बसवत नाही, एवढेच. ते फार बोलत नाहीत. आम्ही शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफविषयी त्यांना एकदा पुष्कळ सांगितले, तेव्हा 'असा एक प्रवासी आमच्या स्वारगेट-सोलापूरला असायचा' एवढेच ते म्हणाले. त्यांच्याकडे भ्रमणध्वनी आहे, पण पहाटे ते तो आणीत नाहीत. त्यामुळे आम्ही येणार नसल्यास कळविण्याची सोय नाही. आणि आम्ही न गेल्यास ते दहा मिनिटे तेथे उभे राहतात, हे आम्हास ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात पहाटेपासून पावसाची झोड होती. काटा ७९ वर असल्याचे स्मरण त्या वेळी आम्हास पांघरुणातून काढू शकले नसते, आणि तीर्थरूपांचा पायही नाही. आम्ही छत्री घेऊन निघालो. ते झाडाखाली डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन उभे होते. "तुम्ही याल असं वाटलं, म्हणून आलो," ते म्हणाले. आम्हीही तेच म्हणावयाच्या बेतात होतो. वाट निसरडी झाल्यामुळे वर जाणे शक्य नव्हते. पायथ्याच्या रस्त्याने आम्ही दोघे तासभर चाललो आणि परतताना टपरीवर थांबलो. त्यांनी दोन चमचे साखर घालून चहा घेतला, आम्ही बिनसाखरेचा. पैसे त्यांनी दिले, आणि सुटे उरले ते सवयीप्रमाणे दोनदा मोजून खिशात टाकले.